वायर ओढण्याचा मान

कोठीवाल्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या बायकोनं लग्नानंतर महिन्याभरातच जाहीर करून टाकलं होतं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याला कुणी हरकत घेतलेली नाही. हा माणूस बायकोच्या वाढदिवसाची भेट आणायचा आणि चप्पल काढता काढताच सांगायचा, "ओळख बघू काय ते. निळं आहे आणि मनगटाला बांधतात." शेजारच्या मुलीचं लग्न ठरल्याचं शेजाऱ्यांच्या आधी यांनीच जिन्यात सांगितलं होतं. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय. अशा माणसाला एकदा तोंडाला कुलूप लावून बसावं लागलं. कुलूपही त्याचंच, आणि लावणाराही तोच.

कोठीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ऑफिसात पडलेलं नाव. त्यांची कंपनी दवाखान्यांची चित्रं सांभाळायची. गुडघ्यांचे एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचे स्कॅन, काय वाट्टेल ते. दवाखाना चित्र काढून इकडे पाठवतो आणि मोकळा होतो. पुढे कित्येक वर्षांनी एखादी डॉक्टरीण म्हणते, "यांचं जुनं चित्र बघू," तेव्हा ते चुटकीसरशी समोर यायला हवं. एका मशीनवर एवढं मावत नाही, आणि मावलं तरी एकट्यादुकट्या मशीनवर भरवसा ठेवायचा कुणी? म्हणून खोलीभर मशीनं, आणि प्रत्येक चित्राच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर. एक गेलं तर दोन आहेत. पण एवढं करूनही, एकेका मशीनच्या डिस्कवर चित्र नेमकं कसं आणि कुठं ठेवायचं, हा प्रश्न उरतोच. ते सगळ्यात खालचं, कुणाला न दिसणारं काम करणारा प्रोग्रॅम या गृहस्थांनी लिहिला होता. त्याचं नाव कोठार. वरची माणसं बदलली, वरचे प्रोग्रॅम बदलले, साहेब लोक आले नि गेले, कोठार जिथल्या तिथं. मग त्याच्या मालकाला कोठीवाले म्हणणार नाहीत तर काय म्हणतील?

कोठाराची रीत साधी होती. प्रत्येक चित्राची एक फाइल, फाइल फोल्डरमध्ये, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये. मध्येच वीज गेली तर चित्र बुडू नये म्हणून प्रत्येक चित्र दोनदा लिहायचं. आधी घाईघाईनं बाजूला, मग सवडीनं जागेवर. प्रवासातून आल्यावर बॅगा आधी पलंगावर टाकाव्यात आणि मग कपाटात लावाव्यात, तसं. चित्रं थोडी होती तोवर हे झकास चाललं. पुढे चित्रांचा पूर आला. कुणी विचारलं, "आमच्या दवाखान्याचं काय काय आहे तुमच्याकडे?" की कोठार एकेक फोल्डर उघडून डोकावत सुटायचं, आणि तोवर विचारणाऱ्याचा चहा पिऊन व्हायचा. कोठीवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण आपलं पोर जरा हळू चालतं, हे बापानं चारचौघांत का म्हणावं?

ते म्हटलं त्यांच्या सुनेनं.

ही सून मुळात त्यांची शिष्या. कंपनीत नवीन लागली तेव्हा कोठाराचा कोपरान् कोपरा तिला कोठीवाल्यांनीच दाखवला होता. मग तिला चष्मा लागला, कोठीवाले म्हणाले, "आमच्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे, माझं नाव सांग," आणि तिनं नाव सांगितलं. पुढचं काय ते समजून घ्या. ऑफिसात अजून म्हणतात, सरांनी हिला कोठार दिलं आणि हिनं सरांचा मुलगा नेला. लग्न झाल्यावर तिनं स्वतःच एक शिस्त घालून घेतली. ऑफिसात ‘सर’, घरात ‘बाबा’. सकाळी दोघं एकाच बसनं निघायचे. बसमधून उतरेपर्यंत ‘बाबा’, फूटपाथवर पाय पडला की ‘सर’. इतक्या वर्षांत एकदाही चूक नाही. कोठीवाल्यांना तिच्या या काटेकोरपणाचं भारी कौतुक.

तर या सुनेनं एके दिवशी सगळ्यांसमोर मांडलं की कोठार काढावं आणि त्या जागी की-व्हॅल्यू डेटाबेस बसवावा. म्हणजे काय, तर किल्ली द्यायची, वस्तू घ्यायची. व्यवहार एवढाच. संग्रहालयात गेलं की दारात पिशवी ठेवून बिल्ला घेतो ना, तसं. बिल्ला दाखवला की पिशवी हातात. आत डबा आहे की छत्री, त्या खिडकीतल्या माणसाला देणंघेणं नाही. चित्र सरळ डिस्कवर एकदाच लिहायचं, मध्ये फाइल नाही, फोल्डर नाही. आणि ते डिस्कवर कुठं ठेवलंय एवढी चिमुकली नोंद डेटाबेसात, तिच्या किल्लीखाली. किल्ल्या सगळ्या ओळीनं लावलेल्या. एका दवाखान्याच्या किल्ल्या शेजारी शेजारी, म्हणजे विचारायचा अवकाश की धडाधड सगळ्या हजर. तिनं या प्रकाराला नाव दिलं होतं ‘किल्ली’.

"म्हणजे मधला माणूस नकोच," मुख्य बाई म्हणाल्या. त्या ऑफिस चालवायच्या आणि मोजकं बोलायच्या.

"हो, मधला थर नको," सून म्हणाली, आणि तिनं कोठीवाल्यांकडे पाहिलं नाही.

कोठीवाले तासभर भांडले. बाजारातून आणलेली चीज आपल्या पोटात का घालायची? जगभर वापरतात सर, सून म्हणाली. जग विहिरीत उडी मारेल, कोठीवाले म्हणाले. सर, कोठारसुद्धा पहिल्या दिवशी नवीनच होतं, सून म्हणाली. यावर खोलीतलं कुणीतरी खोकलं. शेवटी मुख्य बाई म्हणाल्या, "ठरलेली रीत आहे. वायर ओढा."

ही रीत कोठीवाल्यांनीच पाडलेली. एका ओळीतली मशीनं चाचणीसाठी राखून ठेवलेली असायची, बॅटरी काढून, सगळी मिळून एका जाड वायरवर. नवीन काही आणायचं असेल तर ते या मशीनांवर बसवायचं. बाहेरचं एक मशीन त्यांना सतत खोटी खोटी चित्रं पाठवत राहणार, आणि ज्या चित्राला ‘ठेवलं’ असं उत्तर आलं, ते लक्षात ठेवणार. आणि मग भर कामात कुणीतरी ती जाड वायर भिंतीतून उपटायची. मशीनं पुन्हा चालू झाली की प्रत्येक चित्र मागून बघायचं. ज्याला ‘ठेवलं’ म्हणालात ते दाखवा. एक जरी सापडलं नाही, तरी तो प्रकार बाद. वर्षभर त्याचं नाव काढायचं नाही.

वायर कुणी ओढायची? तर जो त्या गोष्टीच्या विरोधात आहे त्यानं. ज्याला ती पडायला हवी आहे, तोच तिची नाजूक वेळ शोधून काढतो. मुदत एक महिना, केव्हाही ओढा, आगाऊ सांगायचं नाही. महिन्यात ओढली नाही तर विरोध नव्हताच असं समजून नवीन गोष्ट चालू. आणि एक पोटनियम, तोही कोठीवाल्यांचाच: वायर ओढेपर्यंत विरोधकानं त्या गोष्टीबद्दल तोंड उघडायचं नाही. कारण आधी असं व्हायचं की विरोधक बडबडायचा, तेवढीच भोकं घाईनं बुजवली जायची, आणि बाकीची तशीच राहायची. बोलायचं ते ओढल्यावर.

स्वतः इतक्या बडबड्या माणसानं हा नियम करावा, याची ऑफिसात खूप चेष्टा झाली होती. आता तो त्यांच्याच गळ्यात आला.

पहिल्याच सकाळी कोठीवाल्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि किल्लीच्या सगळ्या सेटिंग वाचायला घेतल्या. विरोधकाला वाचायची मुभा होती. आणि चहा निवायच्या आत त्यांना ती ओळ सापडली.

गोष्ट अशी, की डिस्क ही आळशी असते. तिला लिही म्हटलं की ती लगेच लिहीत नाही. डेटाबेसानं तिच्या मानेवर बसून "झालं का? खरंच झालं का?" असं विचारायचं असतं, आणि तिचा होकार आल्यावरच ‘ठेवलं’ म्हणायचं असतं. या थांबण्यात वेळ जातो. म्हणून ‘होकाराची वाट बघू नकोस’ असंही सांगायची सोय आहे. मग डेटाबेस वाऱ्यासारखा धावतो, पण त्याचं ‘ठेवलं’ हे ‘ठेवतो हां’ इतपतच असतं. किल्लीला तसं सांगितलेलं होतं. ऑफिसातला लांब्या, म्हणजे सुनेच्या हाताखालचा तो ताडमाड इंजिनिअर, त्यानं वेग मोजताना ती ओळ बदलली असणार आणि परत करायचं विसरला असणार. वेगाचा आलेख इतका देखणा आला की सगळे त्याच्याकडेच बघत बसले. इतका देखणा का आला, हे कुणी विचारलंच नाही.

आणि वायर एकच. ओढली की तिन्ही प्रतींची मशीनं एकदम मरणार. शेवटच्या क्षणांतल्या नोंदी तिन्हीकडून गायब. चित्रं डिस्कवर असतील, पण कुठं ते सांगणारी किल्लीच नाही. असून नसल्यासारखी.

कोठीवाल्यांना आनंद झाला. लपवायचं कशाला, खूप आनंद झाला. चार-सहा महिन्यांत ते निवृत्त होणार होते. किल्ली आज पडली तर वर्षभर तिचं नाव निघणार नव्हतं, म्हणजे ते हारतुरे घेऊन दाराबाहेर पडतील तेव्हाही आत कोठारच चालू असेल. यापरतं त्यांना काही नको होतं. ते उठले आणि गुडघा चोळत मशीनच्या खोलीकडे निघाले.

मशीनच्या खोलीत नेहमीची थंडी आणि घरघर होती. भिंतीपाशी, जिथं ती जाड वायर खोचलेली होती, तिथं एक खुर्ची मांडली होती. खुर्चीवर उशी. कोठीवाले उशीकडे बघत राहिले. तपकिरी, कोपऱ्यात उसवलेली आणि वेगळ्याच दोऱ्यानं शिवलेली. घरच्या आरामखुर्चीतली उशी होती ती.

"ही इथं कशी?" त्यांनी लांब्याला विचारलं. तो मशीनांच्या मागे कसल्याशा तारा लावत होता.

"मॅडमनी आणली. म्हणाल्या, सरांचा गुडघा दुखतो, आणि ते उगाच येऊन ओढून जायचे नाहीत. बसून, नीट बघून, सगळ्यात वाईट वेळ शोधून ओढतील. त्यांना उभं राहायला लागू नये."

कोठीवाले त्या उशीवर बसले. वायर हाताच्या अंतरावर होती. त्यांच्या डोक्यात एकदम नको तो विचार आला, की या पोरीनं आपल्याला काय समजून ही खुर्ची मांडली आणि आपण काय करायला आलो. त्यांना किल्लीला हरवायचं होतं. अगदी मनापासून हरवायचं होतं. पण विसरलेल्या एका ओळीनं ती पडली तर ते कोठारानं हरवलं असं कसं होणार? ते म्हणजे समोरच्याच्या बुटाची नाडी सुटलेली बघून शर्यत लावणं. त्यांनी मनाला समजावून पाहिलं की नियम म्हणजे नियम. मनानं काही ऐकलं नाही. बराच वेळ बसून ते तसेच परत आले.

सांगावं तरी पंचाईत. नियम त्यांचाच, आणि तो सुनेसाठी वाकवला असं लोक म्हणणार. बरं, ओढून मग "ही विसरलेली ओळ आहे, सोडून द्या" म्हणावं, तर तेही वाकवणंच. आणि मुदतीपर्यंत गप्प बसावं, तर किल्ली त्या ओळीसकट चालू होणार आणि उद्या खऱ्या माणसांच्या मेंदूंची चित्रं बुडणार. ते तर जिवात जीव असेपर्यंत होऊ देणं शक्य नव्हतं. म्हणजे शेवटच्या दिवशी ओढणं भागच. तोवर सुनेला आपलं आपण दिसलं तर ठीक. कोठीवाल्यांनी ठरवलं, वाट बघायची. रोज सकाळी ती ओळ उघडायची, तशीच असली की मिटायची, आणि तोंड बंद.

हे तोंड बंद प्रकरण त्यांना फार जड गेलं. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एक गोष्ट तर बोलायची नव्हती. पण बडबड्या माणसाचं असं असतं की एक बोळा घातला की सगळं पाणी अडतं. बसमध्ये सून म्हणायची, "बाबा, आज खिडकीची जागा मिळाली," तर हे "हं." दुसरं काही बोलायला जावं तर त्याच्या मागोमाग ती ओळ जिभेवर यायची. मग त्यांनी सगळंच बोलणं थांबवलं. जेवताना मान खाली घालून जेवायचे.

"काय हो, दाढ दुखतेय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग असं काय? घरात रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतंय."

मुलानं त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. चष्मेवाल्याला दुसरं काय सुचणार. डोळे ठणठणीत होते.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कोठीवाले वायर ओढेनात. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. चहाच्या मशीनपाशी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "म्हातारा शेवटच्या दिवसापर्यंत छळणार. निवृत्तीपर्यंत ताणायचंय." बोलणाऱ्यांना मागे ते उभे आहेत हे ठाऊक नव्हतं. कोठीवाले चहा न घेताच वळले. एरवी असं कुणी बोललं असतं तर त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. पण बोलायचं काय, आणि कसं? आपल्याला सगळे कपटी समजतात, आणि खरं ते सांगता येत नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ते जागेवर बसून नुसतेच पेन्सिलींना टोकं करत राहिले.

सून सुरुवातीला हसत होती. "सर, उशी मऊ आहे ना?" मग हसू कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही नेमकी कशाची वाट बघताय?"

"ओढीन. मुदत आहे अजून."

"मुदत आहे हे मलाही माहीत आहे. पण लोक काय बोलतायत ते तुमच्या कानावर आलं असेल. तुमच्याबद्दल असं काही ऐकावं लागेल असं मला वाटलं नव्हतं."

"ओढीन म्हटलं ना," कोठीवाले म्हणाले, आणि त्यांनी मॉनिटरकडे तोंड फिरवलं. कारण अजून अर्धं मिनिट ती तिथं उभी राहिली असती तर त्यांनी सगळं ओकून टाकलं असतं.

त्या दिवशी जेवताना तिनं मीठ मागितलं.

"सर, जरा मीठ द्याल?"

मुलानं बायकोकडे पाहिलं. कोठीवाल्यांच्या बायकोनं कोठीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मीठ सरकवलं. थोडं टेबलावर सांडलं. ‘सर’ हा काही वाईट शब्द नाही, आयुष्यभर ऐकलेला. पण त्या टेबलावर तो त्यांना चावला. दुसऱ्या दिवसापासून सून एक बस आधीची पकडू लागली.

महिना सरत आला. कोठीवाल्यांनी रोज सकाळी ओळ उघडून बघायची, ती तशीच असायची. एकदा तर ते पडद्याकडे बघून हळूच पुटपुटले, "अगं, बघ ना गं." एका संध्याकाळी ते पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. ती सुनेशी बोलत होती.

"मी तुला सांगते, हा कपटी माणूस नाही. कपट करायला पोटात गोष्ट राहावी लागते. यांच्या नाही राहत. तीस वर्षं बघतेय मी. आणि आता इतके दिवस गप्प आहेत म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय."

सून काय म्हणाली ते ऐकायला कोठीवाले थांबले नाहीत. चोरून ऐकणं बरं नव्हे, आणि ऐकलं असतं तर मध्ये बोलल्याशिवाय राहवलं नसतं. तहान तशीच घेऊन ते झोपायला गेले.

मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. कोठीवाले सकाळी एकटे बसमधून उतरले, मान खाली घालून ऑफिसात आले, कोट न काढताच नेहमीसारखी ती ओळ उघडली.

ओळ बदललेली होती. होकाराची वाट बघ. होकार आल्याशिवाय ‘ठेवलं’ म्हणू नकोस.

खाली सुनेची सगळ्यांना पाठवलेली चिठ्ठी होती, काल संध्याकाळची. लिहिलं होतं की किल्लीचा आम्ही दाखवलेला वेग चुकीचा होता, मोजताना एक सेटिंग बंद राहिली होती, ती चूक माझी. खरा वेग दाखवलेल्यापेक्षा बराच कमी आहे. तरी कोठाराच्या दुपटीला जातो. नवीन आलेख जोडला आहे.

चूक लांब्याची होती, पण तिनं ‘माझी’ लिहिलं होतं. कोठीवाल्यांनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. कोठाराच्या दुपटीला, हेही पुन्हा वाचलं. मग उठले. गुडघ्याची आठवणही त्यांना राहिली नाही. मशीनच्या खोलीत गेले, पण त्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना किल्लीची सगळ्यात नाजूक वेळ महिनाभर बघून पाठ झाली होती. अधूनमधून डेटाबेस आतली आवराआवर काढतो, जुन्या नोंदी मोडून नव्या लावतो, आणि त्याच वेळी बाहेरून चित्रंही येत असतात. घरात रंगकाम चालू असताना पाहुणे यावेत तशी ती वेळ. पडद्यावर आवराआवर सुरू झालेली दिसली. कोठीवाले थोडं थांबले, अगदी भरात येऊ दिली, आणि मग दोन्ही हातांनी ती वायर भिंतीतून उपटली. कसली दयामाया नाही ठेवली.

घरघर थांबली. लांब्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. बाहेरून माणसं धावत आली, त्यांत सून होती, मुख्य बाई होत्या. कोठीवाले कोट घालून, हातात वायर धरून उभे.

"ओढली," ते म्हणाले.

वायर पुन्हा खोचली. मशीनं एकेक करून जागी झाली. बाहेरच्या मशीननं मागायला सुरुवात केली. हे चित्र दे. हे. हे. कोठीवाले पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं त्यांनाच कळेना की आपल्याला काय हवंय. एक जरी चित्र हरवलं तर कोठार वाचलं. त्यांचं अर्धं मन त्या हरवलेल्या चित्राची वाट बघत होतं, आणि उरलेलं अर्धं सुनेच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होतं. मागणी संपली.

सगळी चित्रं हजर होती.

कोठार गेलं. मग कोठीवाल्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांना नवल वाटलं, की श्वास पूर्ण आत गेला. महिनाभरात असा गेला नव्हता.

लोक टाळ्या वाजवत होते. सून वाजवत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

"काल संध्याकाळी मी ती ओळ बदलली," ती म्हणाली. "आणि आज सकाळी आल्या आल्या तुम्ही ओढली. कोटसुद्धा काढला नाहीत."

कोठीवाले गप्प. मग त्यांच्या लक्षात आलं की वायर ओढून झालीय, आता बोलायला हरकत नाही.

"पहिल्याच दिवशी दिसली होती मला," ते म्हणाले. "हीच खुर्ची, हीच उशी. ओढायलाच आलो होतो."

"मग ओढली का नाहीत? कोठार राहिलं असतं."

"राहिलं असतं. पण ते जिंकलं नसतं."

"मला सांगायचं तरी."

"नियम आहे. मी एक शब्द बोललो नाही. विचार कुणालाही."

"तेच तर," सून म्हणाली. "आई म्हणाल्या, हे इतके गप्प म्हणजे यांना काहीतरी माहीत आहे. म्हणून मी सगळं पहिल्यापासून वाचायला बसले. एकेक ओळ. तुम्ही रोजच्यासारखे बडबडत राहिला असतात ना, तर मला कधीच संशय आला नसता. तुम्ही गप्प बसून सगळं सांगून टाकलंत."

कोठीवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे एवढा महिनाभर जीव मुठीत धरून पाळला तो नियम मोडलाच होता म्हणायचा. त्यांनी मुख्य बाईंकडे पाहिलं.

"गप्प बसण्याविरुद्ध नियम नाही," मुख्य बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सुनेनं त्यांच्या हातावरची वायरीची काळी धूळ आपल्या रुमालानं पुसली. खोलीत सगळं ऑफिस उभं होतं, लांब्या होता, चहाच्या मशीनपाशी बोलणारे ते दोघंही होते.

"मला माफ करा, बाबा," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. लांब्यानं खाली वाकून स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. कोठीवाले म्हणाले, "चल, चल, कामं पडलीत," आणि आपला चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

त्याच दुपारी त्यांनी मुख्य बाईंना सांगितलं की कोठारातली चित्रं किल्लीत हलवायचं काम मी करणार, निवृत्तीपर्यंत तेच करीन. कोठाराचे खाचखळगे माझ्याइतके कुणाला ठाऊक आहेत? आपल्या हातानं भरलेलं आपल्या हातानं रिकामं करीन. बाईंनी मान डोलावली.

संध्याकाळी सासरा आणि सून एकाच बसनं निघाले. बस सुटली आणि कोठीवाले सुटले. महिन्याभराचं साठलेलं. किल्लीत अजून काय काय कच्चं आहे, ती आवराआवर चुकीच्या वेळी कशी सुरू होते, किल्ल्यांच्या ओळी एकाच मशीनकडे कशा झुकतात, लांब्याचे कान कसे उपटायला हवेत, चहाचं मशीन कसं गळतं, शेजारच्यांच्या मुलीकडे गोड बातमी आहे पण अजून कुणाला सांगायची नाही. सून उशी मांडीवर घेऊन ऐकत होती. मध्ये मध्ये "थांबा बाबा, हे जरा पुन्हा सांगा" म्हणत होती, आणि ते आनंदानं पुन्हा सांगत होते. त्या नादात एक स्टॉप पुढे गेले. चालत परत आले, गुडघ्याची तक्रार करत, बोलत.

दार उघडंच होतं. बायको आत टेबल मांडत होती.

"दार उघडं का टाकलंयस?" कोठीवाल्यांनी विचारलं.

"तळमजल्यापासून आवाज येतोय तुमचा," ती म्हणाली. "म्हटलं, मिटलं वाटतं. बसा जेवायला."